धावपट्टीवरचा दगड कोणाचा?

विमान अपघात म्हटला की आपली नजर आकाशाकडे जाते. इंजिन बंद पडले असेल, धुके दाटले असेल, वैमानिकाचा अंदाज चुकला असेल, असे तर्क आपण करू लागतो. दोन दिवस दूरचित्रवाणीच्या पडद्यावर त्याच तर्कांची उजळणी चालते आणि तिसऱ्या दिवशी विषय बदलतो. परंतु प्रत्येक उड्डाणाचा आरंभ जमिनीवर होतो आणि शेवटही जमिनीवरच व्हावा अशी अपेक्षा असते. ती जमीन कशी आहे, तिची निगा कोण राखतो, तिच्यावर पडलेला दगड उचलणे हे कोणाचे काम, हे प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

२८ जानेवारी २०२६ रोजी बारामती येथे विमान उतरत असताना झालेल्या अपघातात राज्याचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला आणि महाराष्ट्रातील लहान विमानतळांची चर्चा प्रथमच घराघरांत पोहोचली. त्या अपघाताची कारणमीमांसा करणे हे चौकशी यंत्रणेचे काम आहे. तिच्या आधी निवाडा देण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र त्या निमित्ताने एक गोष्ट अनेकांना पहिल्यांदा कळली. जेथे प्रवासी विमानसेवा नाही अशा विमानतळांवर मोठ्या विमानतळासारखा नियंत्रण कक्ष असेलच असे नाही. बारामतीसारख्या ठिकाणी तेथील वैमानिक प्रशिक्षण संस्थांची माणसेच रेडिओवरून येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना माहिती देत आली. ज्या धावपट्टीवर मोठ्या पदावरील व्यक्ती वर्षातून काही वेळा उतरतात, तिच्यावरून विशीतील मुलेमुली दररोज उडत असतात. आजचे हे विवेचन प्रामुख्याने त्या मुलामुलींसाठी आहे.

आधी खडे, मग उड्डाण

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगा अशाच एका लहान धावपट्टीवर वैमानिकाचे शिक्षण घेत होता. वडिलांनी राहत्या घरावर कर्ज काढले होते. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते आणि त्याचा खर्च सर्वसामान्य कुटुंबाचे कंबरडे मोडणारा असतो. आम्ही त्या भागात गेलो असता त्याला भेटलो. सकाळची वेळ होती. तीन-चार विद्यार्थी प्लॅस्टिकची बादली घेऊन धावपट्टीच्या एका टोकाकडून चालत येत होते आणि वाकून वाकून काहीतरी वेचत होते. आम्ही विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "फादर, आधी खडे वेचायचे, मग उडायचे."

आम्हांस त्या मुलांचे कौतुक वाटले. थोड्या वेळाने मात्र त्याच दृश्याने अस्वस्थ केले. धावपट्टीच्या डांबराचा वरचा थर सुटू लागला होता. कडेला एके ठिकाणी पट्टी चांगली हातभर खचली होती. विंडसॉक म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी. ती फाटून तिच्या चिंध्या खांबाला लोंबत होत्या. खचलेल्या जागेबद्दल कोठे नोंद केली आहे का, असे आम्ही विचारले. तक्रारवही असावी, पण ती कोणाकडे असते हे ठाऊक नाही, असे उत्तर मिळाले. मुले खडे वेचत होती, कारण ते काम ज्याचे होते असा माणूस त्या धावपट्टीवर नव्हताच.

तो मुलगा पुढे परवाना घेऊन सुखरूप बाहेर पडला. परंतु त्या बादलीचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

लहान विमानाचे मोठे दुखणे

शहरातील वाचकाला वाटेल, एका खड्याने असे काय बिघडणार? येथे लहान विमानाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. जगभर प्रशिक्षणासाठी सर्वाधिक वापरले गेलेले विमान म्हणजे सेसना १७२. १९५६ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले आणि आजवर ४४ हजारांहून अधिक विमाने बनली. माणसे व इंधन धरून त्याचे वजन अकराशे ते बाराशे किलोच्या आसपास भरते. पुढचे चाक आपल्या स्कूटरच्या चाकाहूनही लहान असते. नाकावरचा पंखा फिरताना त्याचे पाते जमिनीपासून जेमतेम अकरा इंच वर असते. पुढच्या चाकाचा दांडा दबला तर त्याहूनही कमी.

हा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पंचेचाळीस. पात्याच्या टोकाचा वेग तेव्हा ताशी नऊशे किलोमीटरांच्या पुढे जातो. अशा वेळी पंख्याखालची हवा भोवऱ्यासारखी फिरून जमिनीवरचे बारीक खडे वर खेचते आणि खडा पात्यावर आदळतो. पात्याच्या धारेवर एक लहानशी खाच पडते, नखाने चाचपली तर जाणवेल एवढीच. धातूवरील सारा ताण त्या खाचेपाशी एकवटू लागतो. खाच वेळीच कानशीने घासून गुळगुळीत केली नाही तर तिच्यातून तडा जातो आणि एखाद्या दिवशी हवेत असताना पात्याचा तुकडा उडतो. त्यानंतर तोल गेलेला पंखा इंजिनाला एवढे हादरे देतो की इंजिन आपल्या बैठकीतून निखळू शकते. वेचायचा राहून गेलेला खडा असा अनेक दिवसांनी, पूर्ण निराळ्या ठिकाणी आपला हिशेब मागतो.

खड्डा त्याहून उतावळा असतो. धावत्या विमानाचे पुढचे चाक खड्ड्यात गेले की नाक खाली झुकते आणि पंखा जमिनीला लागतो. पंखा एकदा जमिनीला लागला की, वरून काही दिसो वा न दिसो, इंजिन उतरवून, उघडून तपासावे असे इंजिन बनविणाऱ्यांचे सांगणे असते. हा खर्च मोठा असतो. खर्च मोठा असला की 'किंचितच लागला' असे म्हणण्याचा मोह होतो आणि अपघाताची बीजे बहुधा अशा मोहातच पेरली जातात.

आपल्या मराठवाड्यात व विदर्भात आणखी एक अडचण आहे. तेथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेली पट्टी वर्षागणिक वरखाली होते, तिला लाटा येतात, कडा तुटतात. पावसाळ्यात धावपट्टीबाहेरची जमीन लोण्यासारखी मऊ होते. कोरड्या दिवसात थोडेसे बाजूला घसरलेले विमान परत वळवता येते. चिखलात तेच विमान पुढचे चाक रुतून उलटू शकते. रस्ता बांधणारा प्रत्येक अभियंता काळ्या मातीचा हा स्वभाव जाणतो. धावपट्टीच्या वाट्याला मात्र ते ज्ञान उद्घाटनाच्या दिवसापुरतेच येते.

मोठ्या विमानालाही जमिनीवरचा कचरा क्षमा करीत नाही, हे जगाने २५ जुलै २००० रोजी पाहिले. पॅरिसहून निघालेल्या कॉन्कॉर्ड विमानाचे चाक धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीवरून गेले. जेमतेम हातभर लांबीची ती पट्टी काही मिनिटांपूर्वी उडालेल्या दुसऱ्या विमानातून गळून पडली होती. टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनटाकीवर आदळला, आग लागली आणि ११३ माणसे मृत्युमुखी पडली. पॅरिससारख्या विमानतळावर काही मिनिटांत हे घडू शकते. मग जेथे दिवस दिवस कोणी धावपट्टीवरून नजर फिरवीत नाही तेथे काय पडून असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

जनावरे, तारा आणि अडसर

६ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरत विमानतळावरून उड्डाण घेणाऱ्या एका प्रवासी विमानाला धावपट्टीवर म्हैस धडकली. प्रवासी बचावले. परंतु त्या कंपनीने सुरतची सेवा लगेच थांबविली आणि देशातील विमानतळांच्या कुंपणांची चर्चा सुरू झाली. ४ डिसेंबर २०१५ रोजी जबलपूर येथे मुंबईहून आलेले विमान उतरताना रानडुकरांच्या कळपात शिरले आणि धावपट्टीबाहेर घसरले. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यात उड्डाणासाठी वेगात धावणाऱ्या विमानासमोर चक्क जीप आली. वैमानिकाने विमान वेळेआधीच उचलले, शेपटीकडचा भाग जमिनीला घासला, पण प्राण वाचले. गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर कुत्रा दिसल्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये बंगळुरूहून आलेल्या विमानाला न उतरताच मागे फिरावे लागले.

ही सारी नियंत्रण कक्ष, अग्निशमन दल व सुरक्षा रक्षक असलेल्या विमानतळांची उदाहरणे आहेत. तेथे निदान कुत्रा दिसला असे सांगणारा कोणीतरी होता. लहान धावपट्टीवर ते सांगायलाही कोणी नसते. रोही, रानडुकरे, मोकाट गुरे रात्री उबदार डांबरावर येऊन बसतात. टिटवी मोकळ्या खडकाळ जमिनीवरच अंडी घालते आणि विमान आले तरी सहजी जागा सोडत नाही. गवत वाढले की उंदीर येतात, उंदरांमागे साप आणि घारी येतात. गवत कापणे हे शोभेचे काम नसून सुरक्षेचे काम आहे, ही गोष्ट अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या ध्यानी कधी येणार?

धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडची जमीनही विमानाच्या दृष्टीने धावपट्टीचाच भाग असते. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील अलीगढजवळच्या धनीपूर धावपट्टीवर उतरणारे एक लहान विमान विजेच्या तारेत अडकून कोसळले. आतील सहाही जण बचावले हे सुदैव. जानेवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील रीवा येथे रात्रीच्या वेळी एक प्रशिक्षण विमान धावपट्टीजवळच्या मंदिराच्या शिखराला धडकले आणि प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. त्या रात्री धुकेही होते. पण धुक्यात नेमके काय उभे आहे, हे जमिनीवरच्यांनी आधीच ठरविलेले असते. झाड वाढते, घरावर मजला चढतो, मोबाईलचा मनोरा उभा राहतो, शेतातून नवी वीजवाहिनी जाते. या प्रत्येक गोष्टीला कोणत्या तरी कार्यालयाची परवानगी असते. परंतु त्या कार्यालयाला जवळच धावपट्टी आहे याची आठवण करून देणारा कोणी नसतो.

आणखी एक प्रसंग विचार करायला लावणारा आहे. ६ मे २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, रेमडेसिवीर औषधाचा साठा घेऊन आलेले मध्य प्रदेश शासनाचे विमान ग्वाल्हेरच्या धावपट्टीवर उतरताना तेथील अडसराच्या जाळीला धडकले. लढाऊ विमानांना थांबविण्यासाठी ही जाळी असते. विमानाची मोठी हानी झाली, वैमानिक जखमी झाले. पुढे शासनाने वैमानिकाकडे कोट्यवधी रुपयांची भरपाई मागितली. जाळी उभी असल्याचे आपणास सांगितलेच नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. दोष कोणाचा, या वादात आम्ही शिरत नाही. ग्वाल्हेर हा काही दुर्लक्षित विमानतळ नव्हे. तरीही धावपट्टीवर जे आहे ते वैमानिकाला कळले पाहिजे आणि कळविण्याचे काम कोणातरी नेमक्या माणसाचे असले पाहिजे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

उभ्या विमानाचे शत्रू

विमान उडत नसते तेव्हाही जमीन त्याला स्वस्थ बसू देत नाही. विमानाचा वेग मोजण्यासाठी पंखाखाली किंवा नाकाजवळ एक बारीक नळी असते. तिच्या तोंडातून हवा आत जाते व तिच्या दाबावरून वेग कळतो. आपल्या घरांच्या भिंतींवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी वाचकांनी पाहिली असेल. तिला ही नळी म्हणजे आयते घरच वाटते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बोईंग विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्यू पावले. ते विमान त्याआधी काही दिवस नळ्यांवर झाकणे न घालता उभे होते, आणि एक नळी बहुधा कीटकांच्या घरट्याने बुजली असावी असा निष्कर्ष चौकशीत निघाला. त्या नळीवर घालायचे झाकण म्हणजे कापडाची एक साधी पिशवी, तिला टांगलेली लाल फीत एवढेच.

साळुंक्या इंजिनाच्या झाकणाखाली दिवसभरात काटक्यांचे घरटे रचतात; इंजिन तापले की त्या काटक्या पेट घेऊ शकतात. हँगर नसेल तर विमान उघड्यावर उभे राहते. वळवाचा पाऊस येण्याआधी जो सोसाट्याचा वारा सुटतो, तो दोरखंडांनी न बांधलेले हलके विमान उचलून पालथे करू शकतो. त्यासाठी जमिनीत पक्क्या कड्या लागतात. त्या गंजून तुटलेल्या असल्या तर दोरखंड असून उपयोग नाही. इंधन पिंपांतून आणून भरण्याची पाळी येते तेथे पिंपाच्या झाकणावर साचलेले पावसाचे पाणी आत झिरपते. इंधनापेक्षा पाणी जड असल्याने ते टाकीच्या तळाशी बसते आणि उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिनात जाते. म्हणूनच प्रत्येक उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून पाहण्याची शिस्त विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लावली जाते.

वाचकांच्या लक्षात आले असेल की यातील बहुतेक उपाय स्वस्त आहेत. कापडी पिशवी, दोरखंड, लोखंडी कडी, काचेचे भांडे, झाडू, विळा, चुन्याची फक्की. यांतील एकाही वस्तूसाठी मंत्रिमंडळाची बैठक घ्यावी लागत नाही.

मग हे होत का नाही?

लहान धावपट्ट्यांचा इतिहास पाहिला तर त्या एका धोरणातून जन्माला आलेल्या नाहीत. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. कोल्हापूरची संस्थानी काळातील. काही औद्योगिक वसाहतींच्या सोयीसाठी, तर काही नेत्यांच्या दौऱ्यांसाठी बांधल्या गेल्या. २००९ साली महाराष्ट्र शासनाने नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि यवतमाळ हे पाच विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीकडे सोपविले. काही वर्षांतच विकास झाला नाही अशी ओरड झाली आणि विमानतळ परत घेण्याची भाषा सुरू झाली. या सर्व घडामोडींत गवत मात्र वाढतच राहिले.

एका लहान धावपट्टीकडे पाहा. जमीन शासनाच्या एका महामंडळाची, ताबा दुसऱ्याचा. बांधकाम सार्वजनिक बांधकाम खात्याचे. वापर खाजगी प्रशिक्षण संस्थेचा. उड्डाणाचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. कुंपणापलीकडची झाडे ग्रामपंचायतीची आणि विजेच्या तारा वीज कंपनीच्या. नियमित प्रवासी सेवेच्या विमानतळाला परवाना घ्यावा लागतो आणि परवान्यासोबत तपासणी, अग्निशमन, धावपट्टीची देखभाल यांच्या अटी येतात. जेथे अशी सेवा नाही तेथे त्या अटींचा जाच नाही. आणि जाच नाही म्हणून काळजीही नाही. धावपट्टी सर्वांची असते, तेव्हा तिच्यावरचा दगड कोणाचाच नसतो.

कायदे नाहीत असेही नव्हे. १९३७ च्या विमान नियमांनी विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात पक्षी आकर्षित होतील अशा रीतीने कचरा टाकण्यास वा जनावरे कापण्यास मनाई केली होती. १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे. परंतु कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेरची कचराभूमी पाहावी आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी मोजाव्यात. नियम आणि वास्तव यांतील अंतर तेथेच दिसेल.

विमानतळाची निगा हा प्रश्न आपल्या देशात विमान वाहतुकीइतकाच जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्या काळचे जुहू म्हणजे समुद्रालगतचे चिखलाचे मैदान. पावसाळ्यात ते वापरण्याजोगे राहत नसे. तेव्हा टाटांनी काय केले? पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्यास हलविला. जमीन उतरण्यायोग्य नसेल तर तेथे उतरायचे नाही, हा साधा निर्णय त्यांनी घेतला. साधने तुटपुंजी होती, पण 'आज धावपट्टी बंद' असे म्हणण्याचा अधिकार आणि धैर्य असलेला माणूस जागेवर होता. नव्वद वर्षांनंतर आपल्याकडे साधने वाढली. तो माणूस मात्र हरवला.

२७ एप्रिल २०१७ पासून 'उडान' योजनेखाली लहान शहरे हवाई नकाशावर येऊ लागली. नांदेड–हैदराबाद सेवाही त्याच दिवशी सुरू झाली. ही योजना स्वागतार्ह आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु नवी धावपट्टी बांधण्यासाठी निधी मिळतो, नारळ फुटतो, छायाचित्रे छापली जातात. जुन्या धावपट्टीची भेग बुजविण्याच्या समारंभाला कोणी येत नाही. देखभालीला उद्घाटन नसते, हेच तिचे दुर्दैव होय.

गावकरी आणि कुंपण

कुंपण तुटले की दोष गावकऱ्यांवर जातो. ते गुरे सोडतात, तारा कापतात, धावपट्टीवर दुचाकी शिकतात, पहाटे फिरायला येतात. हे काही खोटे नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. धावपट्टीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची शेतावर जाण्याची जुनी वाट कुंपणाने बंद झाली. पलीकडच्या शिवारात जायला तीन किलोमीटरचा वळसा पडत असेल तर कुंपणाला भोक पडणारच. त्या विमानतळातून गावाला ना रोजगार मिळाला, ना बससेवा. वर्षानुवर्षे एकही विमान न उतरलेली डांबरी पट्टी गावाला खेळाचे मैदान वाटली तर नवल कसले?

या बाबतीत पापुआ न्यू गिनीचे उदाहरण उद्बोधक आहे. डोंगरदऱ्यांच्या त्या देशात असंख्य गावांना रस्ताच नाही. रुग्ण, शिक्षक, औषधे, कॉफीची पोती, सारे लहान विमानाने ये-जा करते. तेथील अनेक गवती धावपट्ट्या विविध मिशनच्या धर्मसेवकांनी गावकऱ्यांसोबत कुदळ-फावड्यांनी तयार केल्या. देखभालीअभावी त्यांतील कित्येक बंद पडल्या आणि मग बाळंतिणीला दवाखान्यात नेण्याची सोयही गेली. पुढे तेथे ग्रामीण धावपट्ट्यांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिने गवत कापण्याचे व चर मोकळे ठेवण्याचे काम मोबदला देऊन त्या त्या गावाकडेच सोपविले. ज्याच्या हातात विळा दिला, तो कुंपण तोडत नाही. तो दुसऱ्याच्या गुरांनाही हुसकावतो. धावपट्टी चालू राहणे हा त्याच्या स्वतःच्या हिताचा विषय होतो.

आपल्याकडे हे अशक्य आहे काय? धावपट्टीलगतच्या गावातील चार-सहा तरुणांना प्रशिक्षण देऊन कायम वेतनावर नेमता येईल. गुरांसाठी व शेतकऱ्यांसाठी धावपट्टी चुकवून जाणारी बाजूची वाट करून देता येईल. कुंपणाचा खर्च वाटेच्या खर्चाहून नेहमीच अधिक असतो, कारण कुंपण पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागते.

काय करता येईल?

आमच्या मते चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, प्रत्येक धावपट्टीसाठी, मग तिला परवाना असो वा नसो, एका माणसाचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रवेशद्वारावर ठळक लिहिलेला असावा. खाते, महामंडळ वा कंपनी पुरेशी नाही, माणूस हवा. दुसरी, रोज सकाळी पहिल्या उड्डाणापूर्वी त्याने धावपट्टी पायी वा वाहनाने तपासून वहीत सही करावी आणि ती वही वैमानिकांना पाहायला खुली असावी. तिसरी, धावपट्टी असुरक्षित वाटल्यास ती त्या दिवसापुरती बंद करण्याचा लेखी अधिकार त्याला असावा. येणारा पाहुणा कितीही मोठा असला तरी तो निर्णय फिरवला जाऊ नये. चौथी, विद्यार्थ्याने धोक्याची नोंद केली तर ती त्याच्या विरुद्ध वापरली जाणार नाही, याची हमी प्रशिक्षण संस्थेने द्यावी. घरावर कर्ज काढून आलेला मुलगा तक्रार करायला धजत नाही. एक दिवस उड्डाण रद्द झाले तर आपले तास मागे पडतील, प्रशिक्षकांची खप्पामर्जी होईल, ही भीती त्याला गप्प बसवते. त्याच्या गप्प बसण्यावर आपली व्यवस्था उभी असेल तर ती व्यवस्था नव्हे.

कोणी म्हणेल, एवढ्याने अपघात थांबतील काय? सर्व थांबणार नाहीत. माणसाच्या हातून चुका होणारच आणि हवामान कोणाचे ऐकत नाही. परंतु आकाशातील धोका पत्करणे वेगळे आणि जमिनीवरचा धोका तसाच पडू देणे वेगळे. पहिल्यात धाडस आहे, दुसऱ्यात केवळ आळस आहे. त्या आळसाची किंमत ज्याने केली नाही त्याला मोजावी लागते, हा त्यातील अन्याय होय.

त्या सकाळी बादली अर्धी भरल्यावर मुलांनी ती कुंपणाजवळ नेऊन रिकामी केली. तेथे खड्यांचा एक ढीग साचला होता, गुडघ्याएवढा. किती सकाळी, किती तुकड्यांच्या विद्यार्थ्यांनी तो रचला असेल कोण जाणे. सुरक्षेची जाण त्या कोवळ्या मुलांना होती आणि आपापल्या परीने ती ते पाळत होते. ज्यांच्या स्वाक्षरीने ती धावपट्टी चालत होती त्यांनी एकदा तेथे जाऊन तो ढीग पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.